परमुलखातील सेवाव्रती : डॉ. द्वारकानाथ कोटणीस

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हांला –
• डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्या जीवनाची व कार्याची माहिती सांगता येईल;
• परक्या देशात सेवाकार्य करताना येणाऱ्या अडचणी स्पष्ट करता येतील;
• सेवा आणि उपकार यांतील भेद स्वतःच्या शब्दांत मांडता येईल;
• पाठातील वाक्प्रचार व सामासिक शब्द यांचा योग्य उपयोग करता येईल.

प्रस्तावना

शेजारच्या घराला आग लागली, तर आपण घागर घेऊन धावतो. त्या घरातील माणसांची जात, भाषा, धर्म त्या क्षणी आपण विचारत नाही. पण हे शेजारपण कोठवर पोहोचते? गल्लीपर्यंत, गावापर्यंत, की देशाच्या सीमेपर्यंत? सोलापूरच्या एका तरुण डॉक्टरने या प्रश्नाचे उत्तर आपल्या आयुष्यानेच दिले. आपला देश पारतंत्र्यात असताना तो हजारो मैल दूर असलेल्या चीनमध्ये गेला आणि तेथील जखमी माणसांची सेवा करता करता तेथेच विसावला. त्याचे चरित्र या पाठात आपण वाचणार आहोत.

पाठ

द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापूर येथे एका मध्यमवर्गीय कुटुंबात झाला. सोलापूर हे त्या काळी कापडगिरण्यांचे आणि कामगारांचे गाव होते. स्वातंत्र्याच्या चळवळीतही ते मागे नव्हते. १९३० मध्ये तेथे लष्करी कायदा पुकारण्यात आला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे व किसन सारडा या चार सोलापूरकरांना फाशी देण्यात आली. द्वारकानाथ तेव्हा विशीत होते. आपल्या गावची ही घटना ज्याने तरुण वयात अनुभवली, त्याला परक्या सत्तेचा जुलूम म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही.

पुढे द्वारकानाथ मुंबईच्या शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाले. १९२६ मध्ये सुरू झालेल्या या महाविद्यालयात अध्यापक भारतीयच असावेत, असा देणगीदारांचा आग्रह होता. तेथून पदवी घेऊन द्वारकानाथ पदव्युत्तर शिक्षणाची तयारी करू लागले. यथाकाल दवाखाना थाटावा, कुटुंबाला हातभार लावावा, ही वाट त्यांच्यासमोर मोकळी होती. त्याच सुमारास दूरवरून एक हाक आली.

७ जुलै १९३७ रोजी जपानने चीनवर चढाई केली. शहरांवर बॉम्ब पडू लागले, लाखो माणसे बेघर झाली. चिनी सैन्याकडे डॉक्टर, औषधे व शस्त्रक्रियेची साधने यांचा भयंकर तुटवडा होता. चिनी सेनापती चू ते यांनी पंडित जवाहरलाल नेहरूंना पत्र लिहून भारताने डॉक्टर पाठवावेत, अशी विनंती केली. १९३८ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष असलेल्या सुभाषचंद्र बोस यांनी देशाला आवाहन केले. ७ ते ९ जुलै या दिवसांत निधी गोळा करण्यात आला. बावीस हजार रुपये जमले. त्यातून एक रुग्णवाहिका व वैद्यकीय पथक पाठवण्याचे ठरले. भारत स्वतः गुलामगिरीत होता, दारिद्र्याने गांजलेला होता. अशा देशाने आपल्या ओंजळीतले थोडे दुसऱ्याच्या ओंजळीत घालावे, ही गोष्ट लहान नव्हती.

पथकात पाच डॉक्टर होते. अलाहाबादचे डॉ. मदनमोहन अटल हे प्रमुख. कलकत्त्याचे डॉ. विजयकुमार बसू व डॉ. देवेश मुखर्जी, नागपूरचे डॉ. चोळकर आणि सोलापूरचे डॉ. कोटणीस. चोळकर वयाने सर्वांत ज्येष्ठ होते, त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. नागपूर ही त्या वेळी मध्य प्रांत व वऱ्हाड या प्रांताची राजधानी होती आणि आज छत्तीसगडमध्ये असलेला दुर्ग-भिलाईचा परिसरही त्याच प्रांतात मोडत होता. निरनिराळ्या भाषा बोलणारी ही पाच माणसे १ सप्टेंबर १९३८ रोजी मुंबईहून ‘राजपुताना’ या बोटीने निघाली. सुमारे एक वर्ष सेवा करून परतावे, असे ठरले होते.

१७ सप्टेंबरला पथक कँटनला, म्हणजे आजच्या ग्वांगझूला पोहोचले. चीनचे थोर नेते सन यत्-सेन यांच्या पत्नी सुंग छिंगलिंग यांनी त्यांचे स्वागत केले. पण विसाव्याला वेळ नव्हता. जपानी सैन्य पुढे सरकत होते. कँटन आणि हँकाऊ ही दोन्ही मोठी शहरे त्याच वर्षी ऑक्टोबर महिन्यात शत्रूच्या हाती गेली. एका गावी रुग्णालय मांडावे आणि काही दिवसांतच ते उचलून दुसरीकडे न्यावे, असे करीत पथक चोंगचिंग शहरी आले.

तेथे असताना डॉ. कोटणीस यांना घरून वार्ता आली. वडिलांचे निधन झाले होते. घर हजारो मैल दूर, मागे आई, भावंडे आणि त्यांचा भार. कोटणीसांनी घरी परतावे असे सहकाऱ्यांनी सुचवले. ते परतले असते, तर त्यांना कोणी दोष दिला नसता. मुलाचे कर्तव्य हेही कर्तव्यच असते. कोटणीसांनी मात्र पथकाबरोबर पुढे जाण्याचा निर्णय घेतला. त्यांचे दुःख खोटे नव्हते. जेथे हात कमी आणि जखमी अगणित आहेत, तेथून आपण पाठ फिरवणे त्यांना शक्य झाले नाही. या निर्णयाची किंमत दूर सोलापुरातल्या त्यांच्या घरानेही मोजली, हे विसरता येत नाही.

पाठगत प्रश्न – १

(अ) योग्य पर्याय निवडा.
१. भारतीय वैद्यकीय पथक मुंबईहून निघाले ते वर्ष – (क) १९३० (ख) १९३८ (ग) १९४२
२. पथकाचे प्रमुख होते – (क) डॉ. अटल (ख) डॉ. बसू (ग) डॉ. कोटणीस

(आ) एका वाक्यात उत्तर लिहा.
३. चू ते यांनी पंडित नेहरूंना कोणती विनंती केली?

पाठ – पुढे चालू

फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक वायव्य चीनमधील येनान येथे पोहोचले. माओ त्से-तुंग व चू ते यांच्या आठव्या मार्गसेनेचे हे केंद्र होते. सभोवार पिवळ्या मातीच्या टेकड्या आणि त्यांत खोदलेल्या गुहा. लोक गुहांत राहत, रुग्णालयही गुहांतच भरे. हिवाळ्यात थंडी गोठवून टाकणारी. रोजच्या जेवणात बहुधा राळ्यासारखे भरड धान्य. भात-भाकरीवर वाढलेल्या माणसाला हे सारेच नवे होते.

त्याहून मोठी अडचण होती ती भाषेची. रुग्ण कण्हतो, काही सांगतो, पण डॉक्टरला ते कळत नाही. दुभाष्या नेहमीच जवळ असेल असे नाही. अठ्ठाविसाव्या वर्षी कोटणीस पुन्हा विद्यार्थी झाले. चिनी लिपीत आपल्यासारखी मुळाक्षरे नसतात, प्रत्येक चिन्ह स्वतंत्रपणे शिकावे लागते. उच्चाराचा स्वर थोडा चढला वा उतरला, तरी अर्थ बदलतो. रुग्णालयाचे काम सांभाळून त्यांनी ही भाषा बोलायला, वाचायला आणि लिहायलाही शिकून घेतली. पथकातील डॉक्टरांनी आपल्या चिनी नावांच्या शेवटी ‘हुआ’ हे अक्षर जोडून घेतले होते. ‘हुआ’ म्हणजे चीन. कोटणीस तेथे ‘के दिहुआ’ या नावाने ओळखले जाऊ लागले.

हळूहळू पथक विखुरले. डॉ. चोळकर व डॉ. मुखर्जी यांना प्रकृतीच्या कारणाने १९३९ मध्येच परतावे लागले. पुढे डॉ. अटलही आजारपणामुळे मायदेशी गेले. यांपैकी कोणाचीही सेवा कमी मोलाची नव्हती. डॉ. बसू येनानच्या रुग्णालयात १९४३ पर्यंत काम करीत राहिले. भारतात परतल्यावर त्यांनी पुढील काळात सुया टोचून उपचार करण्याची चिनी पद्धत येथे रुजवली. कोटणीसांनी मात्र आघाडीजवळचा डोंगराळ प्रदेश निवडला. शान्सी, चाहार व होपेई या प्रांतांच्या सीमेवरील हा भाग शत्रूने वेढलेला होता.

याच प्रदेशात नॉर्मन बेथ्यून हे कॅनडाचे नामवंत शल्यविशारद काम करीत होते. शस्त्रक्रिया करताना त्यांच्या बोटाला जखम झाली, रक्तदूषण झाले आणि १२ नोव्हेंबर १९३९ रोजी त्यांचा अंत झाला. त्यांच्या स्मरणार्थ तेथे बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालय उभे राहिले. जानेवारी १९४१ मध्ये त्या रुग्णालयाचे प्रमुखपद कोटणीसांकडे आले. कॅनडाच्या माणसाने सुरू केलेले काम भारताच्या माणसाने चीनमध्ये पुढे नेले.

‘रुग्णालय’ म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर जी इमारत उभी राहते, तशी ती नव्हती. होपेईमधील खेड्यांतील घरे हीच तेथली रुग्णालये. शत्रू जवळ आला की रुग्णांना खाटांवरून हलवावे लागे. औषधपाणी अपुरे, उपकरणे मोजकी. १९४० च्या लढायांत तर जखमींची रीघ लागली. त्या काळात कोटणीसांनी आठशेहून अधिक जखमी सैनिकांवर उपचार केले. एकदा त्यांनी सलग बहात्तर तास विश्रांती न घेता शस्त्रक्रिया केल्या. हे रात्रंदिवस काम करताना आसपासच्या शेतकऱ्यांनाही ते तपासत. त्यामुळे सैनिकांइतकेच ते गावकऱ्यांचेही डॉक्टर झाले.

एक डॉक्टर किती जणांना वाचवू शकेल? या प्रश्नाचे उत्तर कोटणीसांना शिक्षणात सापडले. रुग्णालयाला जोडून वैद्यकीय शाळा होती. खेड्यापाड्यांतून आलेली मुले-मुली तेथे शिकत. बहुतेकांचे शिक्षण बेताचे होते. कोटणीस त्यांना शल्यशास्त्र शिकवत, तेही चिनी भाषेतच. त्या भाषेत शल्यशास्त्राचे पाठ्यपुस्तक लिहिण्याचे कामही त्यांनी हाती घेतले. जे ज्ञान त्यांनी मुंबईत इंग्रजीतून मिळवले, ते चीनच्या शेतकऱ्यांच्या मुलांना त्यांच्या भाषेत मिळावे, ही त्यामागची तळमळ होती.

याच शाळेत ग्वो छिंगलान या परिचर्येच्या शिक्षिका होत्या. दोघांचा परिचय झाला आणि १९४१ च्या अखेरीस ते विवाहबद्ध झाले. २३ ऑगस्ट १९४२ रोजी त्यांना मुलगा झाला. त्याचे नाव ‘यिनहुआ’ ठेवण्यात आले. ‘यिन’ म्हणजे भारत आणि ‘हुआ’ म्हणजे चीन. दोन देश एका लहानग्याच्या नावात शेजारी येऊन बसले. त्याच वर्षी कोटणीस चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सदस्य झाले. एका वर्षासाठी आलेला पाहुणा आता तेथला घरचा माणूस झाला होता.

पण अतिश्रम, अपुरे अन्न व सततची धावपळ यांनी त्यांचे शरीर पोखरले होते. त्यांना अपस्माराचे झटके येऊ लागले. ९ डिसेंबर १९४२ रोजी अशाच झटक्यांनंतर त्यांचे निधन झाले. ते अवघे बत्तीस वर्षांचे होते. मुलगा साडेतीन महिन्यांचा होता. पाठ्यपुस्तक अपुरेच राहिले. सैन्याने मदतीचा हात आणि राष्ट्राने मित्र गमावला, अशा आशयाचा शोकसंदेश माओ त्से-तुंग यांनी पाठवला.

मृत्यूनंतरही ही कथा संपली नाही. १९४६ मध्ये व्ही. शांताराम यांनी ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ हा चित्रपट काढला आणि भारतातील सामान्य माणसांपर्यंत हे नाव पोहोचले. चीनमध्ये शिच्याच्वांग शहरातील हुतात्म्यांच्या स्मारक उद्यानात कोटणीसांची समाधी आहे आणि बेथ्यून यांचीही समाधी तेथेच आहे. १९६२ मध्ये भारत व चीन यांच्यात युद्ध झाले, संबंध दुरावले. तरीही तेथील लोकांनी या समाधीवर फुले वाहणे सोडले नाही. भारत सरकारने १९९३ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. सोलापूरचे त्यांचे जुने घर आज स्मारक म्हणून जतन केलेले आहे. त्यांचा मुलगा यिनहुआ १९६७ मध्ये ऐन तारुण्यात निवर्तला. ग्वो छिंगलान यांनी दीर्घ आयुष्यात अनेकदा भारतात येऊन सासरची नाती जपली. २०१२ मध्ये त्या काळाच्या पडद्याआड गेल्या.

डॉ. कोटणीसांची थोरवी कशात आहे? ते परदेशी गेले, एवढ्यातच ती नाही. हाकेला ओ देऊन जाणारे पुष्कळ असतात. कोटणीस थांबले. थांबण्यासाठी त्यांनी तेथल्या लोकांचे अन्न गोड मानले, त्यांची भाषा शिकली, त्यांच्याच मुलांना आपली विद्या दिली. उपकार करणारा वरून देतो आणि निघून जातो. सेवा करणारा शेजारी बसतो, शिकतो आणि शिकवतो. म्हणूनच त्यांच्यामागे राहिली ती केवळ वाचलेली माणसे नव्हे, तर इतरांना वाचवू शकणारी माणसे.

पाठगत प्रश्न – २

(अ) कंसातील योग्य शब्द निवडून रिकाम्या जागा भरा. (भारत, बेथ्यून, बहात्तर)
१. कोटणीसांनी एकदा सलग ______ तास शस्त्रक्रिया केल्या.
२. ‘यिन’ या शब्दाचा अर्थ ______ असा आहे.
३. कोटणीसांनी ______ यांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुखपद सांभाळले.

(आ) चूक की बरोबर ते लिहा.
४. कोटणीस विद्यार्थ्यांना इंग्रजीतून शिकवत असत.

शब्दार्थ

सेवाव्रती – सेवा हेच व्रत मानणारा
पारतंत्र्य – परक्यांच्या सत्तेखाली असणे
तुटवडा – कमतरता
शल्यविशारद – शस्त्रक्रियेत निष्णात डॉक्टर
रक्तदूषण – जखमेतून जंतू रक्तात भिनणे
दुभाष्या – एका भाषेतील बोलणे दुसऱ्या भाषेत सांगणारा
राळे – बारीक दाण्याचे एक भरड धान्य
परिचर्या – रुग्णाची शुश्रूषा
अपस्मार – फेफरे, आकडी येण्याचा विकार

आशय समजून घेऊ या

या चरित्रात दोन निर्णय महत्त्वाचे आहेत. पहिला निर्णय चीनला जाण्याचा आणि दुसरा तेथे थांबण्याचा. दुसरा निर्णय अधिक कठीण आहे, कारण तो एकदा घेऊन भागत नाही. वडील गेल्यावर, सहकारी परतल्यावर, प्रकृती ढासळल्यावर तो पुन्हापुन्हा घ्यावा लागतो. चरित्र वाचताना अशा प्रसंगांकडे लक्ष द्यावे. माणसाचा स्वभाव त्याच्या निवडींतून कळतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पदवीधर झालेल्या कोटणीसांना नव्या देशात पुन्हा लिहायला-वाचायला शिकावे लागले. शिक्षण मध्येच सुटलेल्या आणि संसार सांभाळून पुन्हा पुस्तक हाती घेणाऱ्या प्रत्येकाला ही खटपट ओळखीची वाटेल. शिकण्याचे वय सरले, असे त्यांनी मानले असते, तर ते शिक्षक होऊच शकले नसते.

भाषा-अभ्यास

१. वाक्प्रचार लक्षात ठेवा.
हाकेला ओ देणे – मदतीसाठी पुढे येणे
पाठ फिरवणे – संकटाच्या वेळी दूर जाणे
काळाच्या पडद्याआड जाणे – मृत्यू पावणे

२. ‘औषधपाणी’ या शब्दात औषध, पाणी व तशाच इतर उपचारांचा समावेश होतो. ज्या सामासिक शब्दाचा विग्रह करताना त्या जातीच्या इतर वस्तूंचाही अर्थ घ्यावा लागतो, तो समाहार द्वंद्व समास होय. उदा. मीठभाकर, अंथरूणपांघरूण.

३. ‘यथाकाल’ म्हणजे योग्य काळी. ‘यथा’ हे अव्यय महत्त्वाचे असून संपूर्ण शब्द क्रियाविशेषणाचे काम करतो, म्हणून हा अव्ययीभाव समास होय. उदा. यथाशक्ती, यथाक्रम.

स्वाध्याय

१. सोलापूरच्या वातावरणाचा डॉ. कोटणीसांच्या मनावर कोणता परिणाम झाला असावा, असे तुम्हांला वाटते?
२. वडिलांच्या निधनानंतर डॉ. कोटणीसांनी घेतलेला निर्णय तुम्हांला योग्य वाटतो का? दोन्ही बाजू मांडून उत्तर लिहा.
३. ‘एक डॉक्टर किती जणांना वाचवू शकेल?’ या प्रश्नाचे कोटणीसांनी दिलेले उत्तर स्पष्ट करा.
४. ‘सेवा आणि उपकार’ या विषयावर दहा ओळी लिहा.
५. पुढील शब्दांचा विग्रह करून समास ओळखा : मीठभाकर, यथाशक्ती.

उपक्रम

भिलाईचा पोलाद कारखाना १९५५ मध्ये झालेल्या भारत-सोव्हिएत करारानुसार उभा राहिला. तो उभारण्यासाठी परदेशांतून तंत्रज्ञ आले, तसेच भारताच्या अनेक प्रांतांतून कामगार आले. भिलाईच्या स्मृती नगरसारख्या वस्तीत किंवा तुम्ही राहता त्या गावात, परक्या मुलखातून येऊन रुजलेल्या एखाद्या वडीलधाऱ्या व्यक्तीची भेट घ्या. येथली भाषा त्यांनी कशी शिकली, प्रथम मदत कोणी केली, हे विचारा आणि त्यांची हकिकत पंधरा ओळींत लिहा. लिहिलेले त्यांना वाचून दाखवा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

पाठगत प्रश्न – १ : १. (ख) १९३८. २. (क) डॉ. अटल. ३. भारताने चीनच्या मदतीसाठी डॉक्टर पाठवावेत, अशी विनंती चू ते यांनी केली.

पाठगत प्रश्न – २ : १. बहात्तर. २. भारत. ३. बेथ्यून. ४. चूक. ते चिनी भाषेतून शिकवत असत.